चौसष्ट दुवे आणि एक अभ्यासिका

२ जानेवारी, शुक्रवार

खुर्च्या! दोनशे प्लास्टिकच्या खुर्च्या, आठ मोठी पातेली आणि मांडवाचे पडदे. वाचनालयातल्या मुलींच्या अभ्यासिकेत आता ही मंडळी अभ्यास करणार. शेजारच्या सभागृहाचं सामान ठेवायला जागा नाही, म्हणून कार्यकारिणीने ठरवलंय. १ फेब्रुवारीच्या सभासदांच्या सभेत मंजुरी घ्यायची, की झालं. कारण काय, तर खोली रिकामीच असते!

सचिव पुंडलिकराव. माझे चुलत दीर. गेटजवळच गाठलं त्यांना. स्कूटर बंद न करताच म्हणाले, "वहिनी, रजिस्टर पाहा. पह्यले वीस-पंचवीस पोरी येत. आता दोन, लय झालं तं तीन. रिकाम्या खोलीले काय अगरबत्ती लावू?"

म्हटलं, भाऊजी, खोली रिकामी असेल तर मुली आणा. खुर्च्या काय आणता?

"आणा ना मग. तुम्ही तं दिवसभर तिथंच असता."

असतेच. शाळेतून निवृत्त झाल्यापासून रोज अकरा ते चार मी अभ्यासिकेत बसते. भरतीचा अभ्यास करणाऱ्या पोरी आहेत, त्यांना दिशा द्यायला कोणीतरी नको? २०११ साली ही खोली मी भांडून मिळवली. आर्णीत भर चौकात बोलले होते तेव्हा, माईक बंद पडला तरी थांबले नव्हते. ती खोली पातेल्यांना देऊ?

३ जानेवारी, शनिवार

सभेत मला पाच मिनिटं मिळणार म्हणे. पाच मिनिटांत माझं 'अध्यक्ष महाशय' संपतं.

म्हणून ठरवलं — स्वतःची वेबसाइट काढायची. चाळीस वर्षांची भाषणं दोन ट्रंकांत पडून आहेत. दारूबंदीवरचं, हुंड्यावरचं, बुवाबाजीवरचं, विहिरीच्या पाण्यावरचं. सगळी तिथे मांडायची आणि सर्वांत वर एक पान — 'अभ्यासिका वाचवा'. तिथे कोणी घंटी वाजवून खाली बसवत नाही.

ममता राठोडकडे गेले. बस स्टँडसमोर तिचं ऑनलाइन सेंटर. सातबारा, परीक्षेचे फॉर्म, आधारची दुरुस्ती. वाचनालयाची साइटही तिनेच बनवलेली. बाई अडतीस-चाळीसची, बोलणं मोजकं, हात चालू. म्हणाली, "मी बनवून देतो ना मॅडम. दोन दिवसाचं काम हाय."

नको म्हटलं. मला शिकव. माझं भाषण कधी दुसऱ्याने लिहिलं नाही, साइटही लिहिणार नाही.

"लिंक देता येते का?"

दुवा म्हण, म्हटलं. आपल्या भाषेत शब्द असताना लिंक कशाला.

"दुवा म्हटलं तं लोक हात जोडतीन मॅडम. पण म्हणा. साइट तुमची हाय."

६ जानेवारी, मंगळवार

खुणा शिकले. कोनाचा कंस, त्यात अक्षर, मग पत्ता, मग कंस बंद. जे उघडलं ते मिटवायचंच, नाहीतर पुढचं सगळं पान दुवा होऊन निळं होतं. ममता स्क्रीनकडे बघत म्हणाली, "मॅडम, सुरू केलं तं संपवाच लागते इथं. तुमाले जड जाईन."

हसली नाही. तेच वाईट.

९ जानेवारी, शुक्रवार

चौसष्ट दुवे झाले! बासष्ट भाषणं, एक फोटोंचं पान, एक अभ्यासिकेचं. एकेक दाबून पाहिला. दाबला की उघडतो, दाबला की उघडतो. अभ्यासिकेत लॅपटॉप घेऊन बसले होते. खुशी आणि अर्पिता दोघीच होत्या, त्यांनाही बोलावून चौसष्टच्या चौसष्ट उघडून दाखवले. अर्पिता तलाठ्याच्या परीक्षेला बसतेय, तिला दारूबंदीचं भाषण उपयोगी पडेल म्हणून वाचूनही दाखवलं. दोघींनी शेवटपर्यंत ऐकलं. गुणी पोरी.

ममता म्हणाली एकदा तपासून घेऊ. म्हटलं तपासलंय. तिने फायली वर चढवल्या.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. हळदीकुंकवाला चाळीस बायका. वाण म्हणून या वर्षी डबी नाही, वाटी नाही — साइटचा पत्ता छापलेली चिठ्ठी दिली. विचारांचं वाण!

मैनाबाई, पुंडलिकरावांची बायको, माझी जाऊ, चिठ्ठी उलटीसुलटी करून म्हणाली, "यात तीळ ठेवू का कुंकू?"

फोन काढ आणि उघड, म्हटलं. काढला. सगळ्यांनीच काढले. पहिलं पान दिसलं, माझा फोटो दिसला, टाळ्या झाल्या. मग भाषणावर बोट ठेवलं तर काही नाही. दुसऱ्यावर ठेवलं तर काही नाही. चाळीस बायका चाळीस फोनवर बोटं आपटताहेत आणि एकही भाषण उघडत नाही. माझ्या लॅपटॉपवर मात्र सगळं धडाधड उघडतंय.

पुंडलिकराव बायकोला न्यायला आले होते, ते दारातूनच म्हणाले, "वहिनी, तुमचं भाषण सुरूच नाही होऊन राह्यलं. अशी संक्रांत पह्यल्यांदाच पाह्यली."

मी जाहीर केलं, यामागे हात आहे. कोणाचा ते सांगितलं नाही, पण पाहिलं त्यांच्याकडेच.

१५ जानेवारी, गुरुवार

हात माझाच होता.

ममताने दुवा उघडून आतला पत्ता दाखवला. सी, मग सत्यभामा — म्हणजे मी — मग डेस्कटॉप, मग भाषणे. "हा तुमच्या लॅपटॉपातल्या कपाटाचा पत्ता हाय मॅडम. चौसष्ट जागी कपाटाचाच पत्ता. लोकायले तुमच्या घरी येऊन कपाट उघडाव लागन."

मग त्या दिवशी तू बोलली का नाहीस?

"तुम्ही म्हटलं तपासलंय. तुमाले तपासलंय म्हटल्यावर कोण बोलते?"

पुंडलिकरावांची माफी मागायची का? नाही. संशय चुकीचा होता, माणूस योग्य होता.

१७ जानेवारी, शनिवार

आता पक्कं काम. प्रत्येक दुव्यात संपूर्ण पत्ता. सुरुवातीच्या एचटीटीपीपासून शेवटच्या टिंबापर्यंत. ममता म्हणते आपल्याच साइटच्या आतल्या पानाला एवढं लांबलचक कशाला, नुसतं फाइलचं नाव पुरतं. याला निरपेक्ष म्हणतात आणि त्याला सापेक्ष, असं मी वाचून काढलं. मग तर प्रश्नच मिटला. माझी मतं कधी सापेक्ष नव्हती. जे सांगायचं ते पूर्ण पत्त्यानिशी!

अभ्यासिकेत हा मुद्दा खुशीला समजावून सांगितला. सापेक्ष सत्य, निरपेक्ष सत्य, आपल्याकडचे दार्शनिक, पश्चिमेकडचे. सव्वा तास रंगला. पोलीस भरतीला असले प्रश्न येत नाहीत असं ती म्हणाली, पण आयुष्यात येतात.

अर्पिता नव्हती. डोकं दुखतं म्हणे.

१९ जानेवारी, सोमवार

चौसष्ट पूर्ण पत्ते टंकून झाले. ममताच्या फोनवर उघडतात, मैनाबाईच्या उघडतात, बस स्टँडवरच्या पानवाल्याच्याही उघडतात. त्याला हुंड्यावरचं भाषण उघडून दिलं. लग्नाचा आहे.

२१ जानेवारी, बुधवार

साइटचं नाव मला पटत नव्हतं. नुसतं माझं नाव काय? मी म्हणजे विचार. नवं नाव सुचलं — सत्यवाणी. काल सेटिंगमध्ये गेले, बदललं, झोपले.

आज सगळं मेलं. चौसष्ट दुवे जुन्या पत्त्यावर जाताहेत आणि जुन्या पत्त्यावर कोणीच राहत नाही. आणि चाळीस बायकांच्या हातात जुन्या पत्त्याच्या चिठ्ठ्या.

ममताने डोक्याला हात लावला नाही, रागावली नाही. चहा मागवला आणि सांगू लागली. "माह्या आजाच्या टायमाले आमचा तांडा मालाचे बैल घेऊन फिरे. आज इथं मुक्काम, उद्या तिथं. पण नायकाचा तंबू मधात आणि कारभाऱ्याचा त्याच्या बाजूले, हे ठरेल राहे. तांडा कुठंबी बसो, लहान पोरगंबी बरोबर कारभाऱ्याच्या दारात जाय. कारण त्याले सांगेल राहे, नायकाच्या बाजूचं. गावाचं नाव कोणी सांगेच ना. गाव तं रोज बदले."

मी चहा प्यायचा विसरले. साठ-सत्तर पुस्तकं वाचून मी निरपेक्षावर सव्वा तास बोलले आणि या बाईने चार वाक्यांत तांडा उठवला, चालवला आणि बसवला.

"आतल्या आत जायचं तं शेजारचं सांगा," ती म्हणाली, "बाहेरच्या गावाले जायचं तं पूर्ण पत्ता लिहा. दोन्ही लागते मॅडम. भांडण कायले लावता त्यायचं?"

दिवसभर बसून चौसष्टच्या चौसष्ट सापेक्ष केले. भाषणांच्या कप्प्यातून बाहेर यायला दोन टिंबं आणि एक तिरकी रेघ — म्हणजे एक उंबरठा मागे ये. सोपं आहे. सगळे पत्ते लहान झाले. मला थोडं लहान वाटलं, पण ते इथेच लिहिते.

जुन्या नावावर ममताने 'इथून तिथे जा' अशी एक पाटी ठोकली. वाचनालयाच्या साइटवर 'आमची प्रेरणा' म्हणून माझ्या साइटवरच्या उद्घाटनाच्या भाषणाचा दुवा लावलाय, तिथलाही पत्ता तिने नवा केला. काम पुरं करते.

२२ जानेवारी, गुरुवार

आज पासष्टावा दुवा जोडला, तो का, ते लिहून ठेवते. 'अभ्यासिका वाचवा' या पानावर 'पुरावा पाहा' असं आहे. ते दाबलं की वाचनालयाच्या साइटवरचा २०११ चा ठराव उघडतो — ही खोली कायम मुलींच्या अभ्यासासाठी राहील, खाली सह्या. हा दुवा पूर्ण पत्त्याचा. बाहेरच्या घराचा.

ममता म्हणाली, "त्याची एक कॉपी काढून आपल्या इथं ठेवा. दुसऱ्याच्या घरातलं सामान कधी हालन, सांगता येत नाही."

ठाम नाही म्हटलं. पुरावा त्यांच्याच घरचा हवा. माझ्याकडचा दाखवला तर उद्या म्हणतील बाईने घरी छापला.

पटलं तिला. म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाचा फॉर्म भरायला लागली.

२६ जानेवारी, सोमवार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

झेंडावंदनानंतर सगळे वाचनालयाच्या हॉलमध्ये. मुलांच्या गाण्यांसाठी ममताने पडद्यावर मशीन लावलं होतं. मी दोन मिनिटं मागितली. पुंडलिकराव म्हणाले, "घ्या की वहिनी. चार घ्या." तिथेच ओळखायला हवं होतं.

मी उभी राहिले. म्हटलं, बंधूंनो, भगिनींनो, शब्द विसरता येतो, सही विसरता येत नाही. ज्यांनी पंधरा वर्षांपूर्वी सही केली, त्यांच्याच घरातला कागद मी तुमच्यासमोर उघडते. हात उंच केला आणि 'पुरावा पाहा' दाबलं.

पडद्यावर आली वाचनालयाच्या भिंतीवरची पाटी. तिचा फोटो. भला मोठा. 'कृपया शांतता राखा.'

आधी कोणी हसलं नाही. मग मागून मैनाबाई हसली आणि बांध फुटला. शाळेची पोरं बाकांवर लोळली. मी तशीच, हात वर.

पुंडलिकराव जिलबीची बशी घेऊन आले. "घ्या वहिनी. तोंड गोड करा."

२७ जानेवारी, मंगळवार

ममताला विचारलं. लपवलं नाही तिने.

"सचिव शुक्रवारी आले. पेन ड्राइव्ह दिला. म्हणे ठरावाच्या जागी हा फोटो टाक, नाव तेच ठेव. टाकला."

तू टाकलास?

"साइट वाचनालयाची हाय मॅडम. सचिवानं सांगितलं तं टाकाव लागते. मी कुलूप बनवणारी बाई. भांडण तुमच्या घरचं हाय." मग फॉर्मचे कागद सारखे करत म्हणाली, "कॉपी ठेवा म्हटलं होतं मी."

म्हटलं होतं. पूर्ण पत्ता तोच, दारही तेच. आतलं सामान बदललं की झालं.

मूळ ठराव कपाटातल्या रजिस्टरात. कपाटाची किल्ली पुंडलिकरावांकडे. विचारलं तर म्हणतात, "शोधून राह्यलो वहिनी. उंदरायनं नेला का काय, पाहा लागन." सभेला पाच दिवस.

२८ जानेवारी, बुधवार

अभ्यासिकेत खुशी एकटी. लोकांनी वावड्या उठवल्या की खोली जाणार, म्हणून पोरी येईनाशा झाल्या. खुशीला हे तासभर समजावलं. "हो मॅडम," म्हणाली. वही मिटूनच बसली होती बिचारी.

२९ जानेवारी, गुरुवार

सापडलं!

ठराव नव्हे. त्याहून चांगलं.

ट्रंक उपसताना २०११ च्या वहीत एक कागद. उद्घाटनाला सचिव म्हणून पुंडलिकरावांना बोलायचं होतं. त्यांना चार माणसांत बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा, म्हणून भाषण मी लिहून दिलं होतं. कागदावर माझं अक्षर. आणि खाली, निळ्या शाईत, त्यांचं स्वतःचं अक्षर — त्यांनी आपल्या मनाने वाढवलेली ओळ: 'माझ्या पोरीले शिकाले जागा नव्हती. ही खोली ज्या दिवशी पोरींची राहणार नाही, त्या दिवशी मी सचिव राहणार नाही.'

आठवलं मला. ती एकच ओळ ते न अडखळता बोलले होते. टाळ्याही तिलाच पडल्या. माझ्या लिहिलेल्याला नव्हत्या.

माझ्या साइटवर टाकून काय उपयोग? माझं पान आता सगळे 'शांतता राखा' म्हणूनच ओळखतात. वाचनालयाच्या साइटवर दिसायला हवं. तिथे मला कोण हात लावू देणार?

आणि चहा गाळता गाळता डोक्यात उजेड पडला. 'आमची प्रेरणा'! ते दार त्यांच्या घराला आहे, पण उघडतं माझ्या घरात. भाषणाची फाइल माझ्याकडे आहे. नाव तेच ठेवायचं आणि आतलं सामान बदलायचं.

भाऊजींनीच शिकवलं.

३० जानेवारी, शुक्रवार

कागदाचा फोटो काढला, पानावर चढवला, फाइलला जुनंच नाव दिलं. सकाळी नऊपासून आर्णीतला जो कोणी वाचनालयाच्या साइटवर 'आमची प्रेरणा' दाबतोय, त्याला पुंडलिकरावांचं अक्षर दिसतंय. मी स्वतः तेहतीस जणांना सांगितलं दाबायला. पानवाल्याने पुढे अकरा जणांना.

साडेदहाला फोन. "वहिनी, तुम्ही आमच्या साइटीत काहून घुसल्या?"

मी कुठे घुसले भाऊजी. मी माझ्याच घरात बसले आहे. दार तुम्ही लावून ठेवलंय.

"काढून टाका ते."

माझ्या घरातलं? आणि प्रेरणा तुम्हीच म्हटलंय तिला.

मग म्हणाले, "ममता कुठं हाय?"

३१ जानेवारी, शनिवार

ममता पुसदला. मावसबहिणीकडे लग्न आहे म्हणे, परवा येईल, फोन लागत नाही. मी पंचांग पाहिलं. आज-उद्या पुसदला कोण लग्न लावतंय ते त्या पंचांगाला माहीत नाही.

पुंडलिकराव दोन वेळा सेंटरच्या बंद शटरपुढे उभे राहून गेले. पानवाल्याने सांगितलं.

१ फेब्रुवारी, रविवार

सभा.

पाच मिनिटांची घंटी वाजली, मी थांबले नाही. पुन्हा वाजली. मग घंटीवाल्याने ती टेबलाखाली ठेवली. पन्नास मिनिटं बोलले. पातेल्यांवर बोलले, खुर्च्यांवर बोलले, ज्या गावात मुलींच्या वह्यांपेक्षा पंगतीच्या पत्रावळींना जास्त जागा असते त्या गावावर बोलले. शेवटी कागद वाचला. माझं नाही. त्यांची ओळ.

पुंडलिकराव उठले. मला वाटलं आता नाकारतील. चष्मा पुसला आणि म्हणाले, "अक्षर माहंच हाय. बोललोबी होतो. कोणी म्हणत असन का वहिनीनं बनवलं, तं नाही." टेबलाची कड धरली होती त्यांनी, पण बोलत होते. "खोली पोरींचीच राहावी, मलेबी वाटते. फोटो टाकला ते चुकलं माहं. पण वहिनी, एक सांगा. पोरी कुठं हायत? दोन वर्षं झाले, रजिस्टर रिकामं. मी कोणाले आडवलं? दार उघडं, लाइट चालू, पंखा चालू. तरी काहून येत नाहीत?"

मी कागदाची घडी घातली. पन्नास मिनिटं मी बोलले आणि शेवटचं वाक्य भाऊजींचं. असं माझ्या आयुष्यात झालेलं नाही.

मतदान — खोली राहावी चौतीस, खुर्च्या एकोणीस. मैनाबाईने माझ्या बाजूने हात वर केला, नवऱ्याकडे बघत. पण वर एक अट: फेब्रुवारीअखेर रोज किमान दहा मुली रजिस्टरात दिसल्या पाहिजेत. नाहीतर मार्चात खुर्च्या.

जिंकलो! रोज दहा. मी आणीन वीस.

२ फेब्रुवारी, सोमवार

दहा वाजताच अभ्यासिकेत जाऊन बसले. खुशी आली. बाराला अर्पिताला फोन करून बोलावलं. दोघींना समोर बसवून सांगितलं — आता लढाई तुमच्या हातात आहे, मैत्रिणींना आणा. लढ्याचा इतिहास पहिल्यापासून सांगितला. अडीचला आवाज फाटू लागला. तरी ओढून नेलं.

रजिस्टरात दोन.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आवाज पूर्ण गेला. तोंड उघडलं की हवा येते. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही, घराबाहेर धुळीत जायचं नाही. मी पाटीवर लिहिलं: अभ्यासिका? त्यांनी पाटी पुसली.

आता तिथे कोण बघणार? महिना वाया.

५ फेब्रुवारी, गुरुवार

मैनाबाई हळद-दूध घेऊन आली. दोन तास बसली. नवरा, सुना, तुरीच्या शेंगांना लागलेली अळी, गुडघा. तीस वर्षांत तिला एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. जाताना म्हणाली, "आज तुमच्या संग गोष्टी करून भल्लं बरं वाटलं जाऊबाई."

मी काही बोललेच नव्हते.

७ फेब्रुवारी, शनिवार

अभ्यासिकेची काळजी. कोणाला विचारायची सोय नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी डॉक्टरांनी घसा पाहिला. साफ आहे, उद्यापासून बोला म्हणाले.

दुपारी ममताचा फोन. मी सवयीने गप्पच होते, ऐकत राहिले. मंगळवारी अकरा मुली. बुधवारी सोळा. शुक्रवारी एकोणीस. आज तेवीस, बाहेरून दोन बाकं आणावी लागली. कोणी बोलावलं नाही, एकमेकींना सांगून आल्या. मग म्हणाली, "मॅडम, रागावू नका. खुशी सांगत होती, मॅडम असल्या का ऐकणं होते, वाचणं होत नाही. म्हणून नव्हत्या येत. तुमाले तोंडावर कोण सांगन? — तुम्ही कधी येता, विचारून राह्यल्या पोरी."

फोन ठेवला. मग तिला लिहून पाठवलं — मुलींना सांग, डॉक्टर म्हणतात घसा भरतीची परीक्षा होईपर्यंत काही सुधारायचा नाही.